हुकूम आला की निघायचं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



प्रथम महाकारुणिक तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस मी विनम्र अभिवादन करतो.

मी काही वक्ता नव्हे. तेहतीस वर्षे पोस्टाच्या काउंटरमागे बसलो आणि २०२४ साली निवृत्त झालो. समितीने मला ‘नोकरी आणि आपला तरुण’ असा विषय दिला आहे. विषय फार मोठा आहे. त्यातला एक लहानसा तुकडाच मी घेणार आहे. नोकरी लागली, हुकूम हातात पडला, आणि त्यात लिहिलेलं आहे की अमुक तारखेला अमुक गावी ट्रेनिंगसाठी हजर व्हावे. ते गाव आठशे-साडेआठशे किलोमीटरवर. अशा वेळी आपल्या घरात काय होतं, आणि काय व्हायला पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे.

हा तुकडा मी का घेतला तेही सांगतो. आपल्या वस्तीतल्या एका मुलीला नुकताच पोस्टाच्या नोकरीचा हुकूम आला. पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील माझ्याकडे आले. म्हणाले, “भाऊ, ट्रेनिंग बडोद्याले आहे म्हणते. इथंच नाही का होत? पोरीची जात, एकटी एवढ्या दूर कशी राहीन? तिची माय दोन दिवसांपासून जेवली नाही.” मी त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा दिला, आणि पस्तीस वर्षांपूर्वीची माझी स्वतःची गोष्ट सांगितली. तीच आज आपल्यासमोर ठेवतो.

१९९१ सालची गोष्ट. आदल्याच वर्षी, १९९० साली, अनुसूचित जातींच्या घटनात्मक आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्र सरकारच्या सवलती मिळू लागल्या. धम्म स्वीकारून चौतीस वर्षे झाली होती, तेव्हा कुठं हे झालं. राज्यात सवलत होती, पण केंद्राच्या नोकरीत आपल्या कागदावर ‘बौद्ध’ लिहिलं की दार बंद व्हायचं. ते दार उघडल्यावर जी पोरं आत शिरली त्यांत मी एक होतो. वडील सूतगिरणीतून कमी झालेले, आई धुणीभांडी करणारी. घरातली पहिली सरकारी नोकरी. आणि हुकमात काय, तर पोस्टल ट्रेनिंग सेंटर, बडोदा. अडीच महिने. ट्रेनिंग पुरं केल्याशिवाय नोकरीत पुढं जाता येणार नाही.

तोपर्यंत मी वर्ध्याच्या पलीकडे गेलो नव्हतो. आईने हुकूम ऐकला आणि म्हणाली, “बाबू, जाशीन तर खरं, पण तिथं खाशीन काय? तुले वळखीन कोण?” बडोद्यात मला कुणी ओळखत नव्हतं हे खरंच होतं. तिने परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढले आणि माझ्या पँटच्या आतल्या खिशात टाके घालून शिवले. म्हणाली, “जीवावर आलं तर निंगून ये.”

निघायच्या आदल्या दिवशी मी विहारात वंदनेला आलो. तेव्हा विहार म्हणजे टिनाचं छप्पर आणि समोर निळा झेंडा, एवढंच होतं. वस्तीतले एक म्हातारे उपासक रोज संध्याकाळी कंदिलाजवळ बसून धनंजय कीर यांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र वाचून दाखवायचे. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, “बडोद्याले चालला ना? मंग कामाठी बागेत जाऊन ये. बाबासायेब तिथं बसले होते.”

हावड्याहून अहमदाबादला जाणाऱ्या गाडीत मी नागपूरला बसलो. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव, पुढे नंदुरबारवरून सुरत आणि मग बडोदा. जळगाव सुटल्यावर गाडी मुंबईची वाट सोडते आणि तापीच्या काठाकाठाने गुजरातकडे वळते. हळूहळू स्टेशनच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली, चहावाल्याची हाक बदलली. डब्यात माझ्यासारखाच एक नवा उमेदवार भेटला. दुसऱ्या जिल्ह्यातला, माझ्याच वयाचा. दोघांचे हुकूम सारखे. आम्ही भाकरी वाटून खाल्ली. तो म्हणाला, “शनिवारी पोहोचतो आपण, हजर व्हायचं सोमवारी. बडोद्यात माझे नातेवाईक आहेत. दोन दिवस तिथंच राहू.” माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

सुरतला गाडी थांबली तेव्हा मला चरित्रातला प्रसंग आठवला. बाबासाहेब बी.ए. होऊन जानेवारी १९१३ मध्ये पहिल्यांदा बडोद्याला नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत रामजीबाबा आजारी असल्याची तार आली. मुंबईला परत येताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतला उतरले आणि गाडी सुटून गेली. घरी पोहोचायला उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. मी खिडकीतून फलाटाकडे पाहत राहिलो. घर सोडून नोकरीवर जाण्याची किंमत बाबासाहेबांनीही मोजली होती.

बडोद्याला उतरलो. मित्राच्या नातेवाइकांकडे गेलो. घर चांगलं, माणसं हसतमुख. पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. मग घरातल्या मोठ्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. गाव विचारलं, वस्ती विचारली. मी सगळं खरं सांगितलं. मग बोलणं कमी झालं. चहा आला तो मित्राला कपबशीत, मला काचेच्या ग्लासात. दिवेलागणीला मित्र मला अंगणात घेऊन गेला आणि खाली मान घालून म्हणाला, “घरात जागा कमी आहे रे.” मी म्हटलं, “असू दे.” ट्रंक उचलली आणि स्टेशनवर परत आलो. ती रात्र मी फलाटावरच्या बाकावर काढली. ट्रंक उशाशी आणि हात आतल्या खिशावर.

रविवारी सकाळी विचारत विचारत कामाठी बागेत गेलो. तिलाच सयाजी बाग म्हणतात. मोठी बाग आहे. बाबासाहेब नेमके कुठल्या झाडाखाली बसले होते हे मला तेव्हा कुणी सांगू शकलं नाही. मी एका वडाखाली बसलो.

आता १९१७ साली काय झालं ते आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, तरी मुलांसाठी सांगतो. बडोदा सरकारच्या खर्चाने बाबासाहेब अमेरिकेत शिकले, लंडनला गेले, आणि करारात ठरल्याप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर हजर झाले. वय सव्वीस. राहायला कुठेही जागा मिळेना, म्हणून नाव बदलून एका पारशी मुसाफिरखान्यात राहिले. माडीवर अडगळीचं सामान, सोबतीला कुणी नाही, उजेडाला एक लहानसा कंदील. दिवसभर कचेरी आणि रात्री ती माडी. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. शहरातल्या दोन मित्रांकडे बाबासाहेबांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी त्या बागेत चार-पाच तास काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने छापलेल्या त्यांच्या आठवणींत हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. २३ सप्टेंबर हा दिवस आपण संकल्प दिन म्हणून पाळतो तो याचसाठी.

पण या प्रसंगातली एक गोष्ट आपण बहुतेक वेळा सोडून देतो. बडोद्यात त्या वेळी बाबासाहेब कोण होते? अकाउंटंट जनरलच्या कचेरीत प्रोबेशनर होते. प्रोबेशनर म्हणजे उमेदवार, काम शिकणारा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस कचेरीचं काम शिकायला बसला होता. त्यांना शिकायची लाज वाटली नाही. तरी ते शिकणं पुरं झालं नाही, कारण रात्री पाठ टेकायला छप्पर नव्हतं. ते परत गेले ते कामाला कंटाळून गेले नाहीत. साऱ्या शहरात त्यांना कुणी एक खोली दिली नाही, म्हणून गेले.

मित्रहो, मी त्या वडाखाली बसलो होतो आणि आईने शिवलेल्या खिशातले पैसे मला टोचत होते. स्टेशन जवळच होतं. परतीच्या गाडीत बसलो असतो तर मला कुणी अडवणार नव्हतं. आईने तर आधीच परवानगी दिली होती. पण मनात एक विचार आला. बाबासाहेबांच्या खिशात महाराजांचा हुकूम होता, तरी त्या हुकमाने त्यांना छप्पर मिळालं नाही. माझ्या खिशात साधा टाइप केलेला कागद होता, पण त्यात लिहिलं होतं की उमेदवाराची राहण्याची सोय वसतिगृहात केली जाईल. सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी देणारं सोळावं कलम आणि अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम त्या कागदामागे उभं होतं. ज्या शहराने बाबासाहेबांना खोली दिली नाही, त्याच शहरात माझ्यासाठी एक खाट ठेवलेली होती. ती कुणाच्या मेहरबानीने नव्हती. आणि मी काय, एका ग्लासातल्या चहासाठी ती खाट सोडून जाऊ? मी उठलो. नळावर तोंड धुतलं. दुसरी रात्रही फलाटावर काढली आणि सोमवारी सकाळी वेळेच्या आधी तासभर सेंटरच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो.

खाट मिळाली. जेवण मिळालं. एकाच पंगतीत, एकाच भांड्यातून वाढलेलं. पहिल्या रात्री मी इतका झोपलो की सकाळी उठवावं लागलं.

ट्रेनिंगमध्ये काय शिकलो? लोकांना वाटतं, त्यात काय शिकायचं, तिकीट चिकटवायचं आणि शिक्का मारायचा. तसं नाही. बचत खात्यातून पैसे काढायचा एसबी-७ फॉर्म, त्यावरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहायची. अक्षर न येणाऱ्या खातेदाराचा अंगठा कसा घ्यायचा, साक्षीदार कोण चालतो. मनीऑर्डर, रजिस्टर, टपालाची बॅग लाखेने कशी बंद करायची, सील कसं तपासायचं. दिवसाची रोकड आणि वही संध्याकाळी जुळलीच पाहिजे. यातलं बरंचसं आता बदललं. तार तर २०१३ साली कायमची बंद झाली, बचत खाती संगणकावर गेली. पण मूळ शिकवण बदललेली नाही. नियम काय म्हणतो ते माहीत पाहिजे आणि केलेल्या कामाची नोंद पाहिजे.

याचा उपयोग मला पुढे झाला. तीन वर्षांनी एका कचेरीत संध्याकाळी रोकड पाचशे रुपयांनी कमी भरली. त्या काळात पाचशे रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. “आरक्षणातून आलेले” हे शब्द मागच्या टेबलावरून ऐकू आले. मी रागावलो नाही. मी म्हटलं, “नियमाप्रमाणे एकेक व्हाउचर वहीशी ताडून पाहू आणि तपासल्याची नोंद करू.” रात्री साडेआठला चूक सापडली. सातशे रुपये दिलेले, वहीत दोनशे लिहिलेले. अक्षर माझं नव्हतं. त्या दिवसापासून त्या कचेरीत हिशेब अडला की मला बोलवायचे. बंधूंनो, आपल्या माणसाला कचेरीत दुसरा आधार नसतो. आपला काका-मामा वर बसलेला नसतो. नियम पाठ असणं हाच आपला काका आणि हाच आपला मामा. आणि नियम शिकायचे दिवस म्हणजे हे ट्रेनिंगचे दिवस. म्हणून ते टाळण्याची, पुढे ढकलण्याची किंवा ‘जवळ करून घ्या’ म्हणून कुणाच्या मागे फिरण्याची वस्तू नाही.

त्या गाडीतल्या मित्राचं काय झालं, हेही सांगतो. तो त्याच तुकडीत होता. हिशेबात कच्चा होता. पंधरा दिवसांनी व्याजाची गणितं घेऊन माझ्या खाटेजवळ आला. मी शिकवली. त्या घरची गोष्ट त्याने कधी काढली नाही आणि मीही काढली नाही. परीक्षेच्या दिवशी त्याने माझा हात घट्ट धरला, एवढंच. मैत्री भावना आपण रोज म्हणतो. तिचा अर्थ मला त्या दिवशी थोडा कळला. झालेलं विसरायचं नाही आणि त्याचं विषही करायचं नाही.

आता आयाबहिणींसाठी दोन शब्द. मुलीला एवढ्या दूर कसं पाठवायचं, हा तुमचा प्रश्न खोटा नाही. पण सावित्रीबाई फुले आठवा. शिक्षिका होण्यासाठी त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिस फरार यांच्याकडे प्रशिक्षण घेतलं असं चरित्रकार सांगतात. ते एकोणिसावं शतक होतं. रेल्वे नव्हती, फोन नव्हता. आपल्या मुलीजवळ फोन आहे, हुकूम आहे, तिच्यासारख्याच नोकरी लागलेल्या मुली तिथे असतील. वडिलांनी फाटकापर्यंत सोडून यावं, पण फाटकातून तिला एकटीला जाऊ द्यावं.

आणि काही कामाच्या गोष्टी. हुकूम मिळाला की त्यातली तारीख आधी भिंतीवर लिहा. गाडीचं आरक्षण त्याच दिवशी करा. राहण्याची सोय कधीपासून आहे, हे सेंटरला फोन करून विचारा, म्हणजे माझ्यासारखी फलाटावर रात्र काढावी लागणार नाही. मूळ दाखले, जातीचा दाखला, फोटो हे पेटीत न ठेवता अंगाजवळच्या पिशवीत ठेवा आणि प्रती घरी ठेवा. आजारपण किंवा खरीच अडचण आली तर तारीख उलटायच्या आधी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. न कळवता घरी बसणं म्हणजे मिळालेली नोकरी हाताने घालवणं. प्रवासभत्ता नियमाप्रमाणे जो असेल तो मिळेल, पण तो बिल पास झाल्यावर. पगारही महिना भरल्यावर. म्हणजे पहिला खर्च घरातूनच करावा लागतो. माझी परीक्षा इथंच होती. त्या वेळी आईने शेजारच्या चार घरांतून उसने पैसे आणले होते.

म्हणून समितीपुढे मी एक सूचना ठेवतो. या वर्धापनदिनापासून विहारात एक प्रवास निधी सुरू करावा. नोकरीचा किंवा ट्रेनिंगचा हुकूम ज्या मुलामुलीला येईल त्याला तिकीट आणि महिनाभराच्या खर्चापुरती रक्कम त्यातून द्यावी. व्याज नाही. पगार सुरू झाला की त्याने ती हप्त्याने परत करावी, म्हणजे पुढच्याला मिळेल. वही महिला मंडळाने ठेवावी, कारण हिशेब त्याच चोख ठेवतात. शिवाय आपल्या वस्तीतली माणसं कुठल्या कुठल्या गावी नोकरीला आहेत त्यांचे पत्ते आणि फोन त्याच वहीत लिहून ठेवावेत. भुसावळला कुणी रेल्वेत असेल, बडोद्याला कुणी असेल. नव्या गावात उतरणाऱ्या आपल्या पोराला “तुले वळखीन कोण” हा प्रश्न पडू नये. निधीची सुरुवात म्हणून माझ्या एका महिन्याच्या पेन्शनची रक्कम मी आज अध्यक्षांकडे देत आहे.

निवृत्तीनंतर मी पत्नीला घेऊन पुन्हा बडोद्याला गेलो. त्या बागेतल्या वडाच्या जागेला आता संकल्प भूमी म्हणतात. २०२२ साली राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने ती राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक व्हावी अशी शिफारसही केली. मी १९९१ साली बसलो होतो ते झाड हेच की दुसरं, हे मला आठवलं नाही. आम्ही दोघांनी हात जोडले. आईने शिवलेल्या पैशांची गोष्ट मी पत्नीला सांगितली. ते पैसे मी ट्रेनिंग संपल्यावर परतीच्या तिकिटालाच वापरले होते. घरी आल्यावर आईने उसवलेला खिसा पाहिला आणि म्हणाली, “बरं झालं, वेळेवरच उसवला.”

तथागतांना उरुवेलेत बोधी प्राप्त झाली. पण धम्म सांगायला ते तिथेच बसून राहिले नाहीत. पाच जणांना शोधत पायी सारनाथपर्यंत गेले, आणि पुढे भिक्खूंनाही त्यांनी दिशादिशांना पाठवलं. चालणं हे आपल्या धम्मात पहिल्यापासून आहे.

ज्या मुलीसाठी मी हे बोललो ती इथे समोर बसली आहे. तिचं नाव मी घेत नाही, नाहीतर ती लाजेल. तिच्या वडिलांनी काल संध्याकाळी मला तिकीट दाखवलं. दोन तिकिटं जाण्याची आहेत आणि एकच परतीचं आहे, वडिलांचं. बेटा, तुझं परतीचं तिकीट तू ट्रेनिंग पुरं करून तुझ्या पैशाने काढ. आम्ही सगळे स्टेशनवर घ्यायला येऊ.

 नमो बुद्धाय! जय भीम!